पायउतार होण्याची वाट

विकिपीडियावर लिहिणाऱ्या बहुतेक सदस्यांना पानाच्या माथ्यावर वाचण्याचे, संपादन करण्याचे आणि इतिहास पाहण्याचे बटण दिसते. थोड्या जणांना याखेरीज आणखी काही बटणे दिसतात. त्या बटणांनी पान वगळता येते, वगळलेले परत आणता येते, पान सुरक्षित करता येते आणि एखाद्या सदस्याला काही काळासाठी किंवा कायमचे अडवता येते. मराठी विकिपीडियावर या थोड्या जणांना प्रचालक म्हणतात. त्यांना पगार नाही, मानधन नाही, आणि बहुतेकांचे खरे नावही वाचकाला ठाऊक नसते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. तो राखण्याचे काम आजही बोटांवर मोजता येतील एवढेच प्रचालक करतात. ही जास्तीची बटणे कोणाला द्यायची, कोणी द्यायची आणि परत कशी घ्यायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे.

शेवटच्या प्रश्नावर मी या प्रस्तावनेत जास्त रेंगाळणार आहे. देण्याबद्दल सगळीकडे भरपूर नियम लिहिले गेले. घेण्याबद्दल बहुतेक समूहांनी भांडण झाल्यावरच विचार केला. माझी खात्री झाली आहे ती ही, की परत घेण्याची वाट जिथे नीट बांधलेली नाही, तिथे देणेही बिघडते. त्याचे पुरावे पुढे येतील.

आधी या अधिकाराची हद्द समजून घेऊ, कारण नव्या सदस्यांचा सर्वांत मोठा गोंधळ तिथेच होतो. प्रचालक हा संपादक नाही. शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेचे उदाहरण घ्या. राज्य शासनाने २००१ मध्ये १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली, तरी तिथीचा आग्रह धरणारे आहेत आणि १६२७ सालाला धरून राहिलेलेही आहेत. लेखातली तारीख दिवसातून चारदा बदलली जाऊ लागली तर प्रचालक ते पान काही दिवसांसाठी सुरक्षित करू शकतो. तारीख कोणती असावी हे मात्र त्याने ठरवायचे नसते. तिथे त्याचे मत इतर कोणाही सदस्याच्या मताएवढेच. तो स्वतः त्या वादात एका बाजूने बोलला असेल तर त्याने बटणाला हातच लावायचा नाही, दुसऱ्या प्रचालकाला बोलवायचे. एका प्रचालकाने उलटवलेली कृती दुसऱ्याने चर्चेशिवाय पुन्हा करायची नाही, हाही जवळजवळ सर्वत्र पाळला जाणारा संकेत आहे. दोन्ही नियम एक गोष्ट गृहीत धरतात: दुसरा प्रचालक आहे, जागा आहे आणि पाहतो आहे. लहान समूहात नेमके हेच गृहीत कोसळते.

या बटणांमागे आणखी एक गोष्ट येते, तिची चर्चा कमी होते. वगळलेली पाने प्रचालकाला वाचता येतात. कोणी रागाच्या भरात एखाद्या मुलीचा फोन क्रमांक लेखात टाकला आणि तो वगळला गेला, तरी प्रचालकाला तो दिसू शकतो. म्हणूनच विकिमीडिया फाउंडेशनने, म्हणजे विकिपीडियाचे सर्व्हर चालवणाऱ्या संस्थेने, हा मजकूर पाहण्याचा हक्क समूहाने पारखलेल्या माणसालाच मिळावा असा आग्रह धरला आहे. सरसकट सर्वांनाच प्रचालक करा, अशी सूचना अधूनमधून भोळेपणाने येते. ती या एका कारणाने बाद होते.

आपल्याकडे ‘ॲडमिन’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो व्हॉट्सॲपमुळे, आणि त्यासोबत एक कल्पनाही पोहोचली. तिथे गट ज्याने काढला तो ॲडमिन, आणि तो स्वतः बाहेर पडेपर्यंत बाकीच्या ॲडमिनना त्याला हटवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिला की समान हेतू दिसत नसेल तर सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन जबाबदार नाही. त्याच्या हाती मुख्यतः सदस्य घेणे आणि काढणे एवढेच असते, असेही न्यायालयाने म्हटले. चाळीतल्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटाला एवढे पुरते. हजारो अनोळखी लोक मिळून जिथे सार्वजनिक संपत्ती उभारतात, तिथे ‘ज्याने काढले त्याचे’ हा न्याय चालत नाही. तिथला अधिकार समूहाने सोपवलेला असतो, आणि सोपवलेले परत मागता आले पाहिजे.

विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला. पहिल्या काळात प्रचालकपद मागावे आणि मिळावे, इतके सोपे होते. फेब्रुवारी २००३ मध्ये विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनी स्पष्ट लिहिले की प्रचालक होणे ही काही मोठी बाब नाही. काही काळ नीट वागलेल्या कोणालाही ते मिळावे, आणि त्याभोवती अधिकाराचे वलय नको. इंग्रजी विकिपीडियावर प्रचालकपदाची खूण म्हणून फरशी पुसण्याचा मॉप वापरतात, तो याच भावनेतून. पुढे विकिपीडिया जगातल्या सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या संकेतस्थळांत जाऊन बसला आणि त्या मॉपला मान चिकटला. इंग्रजी विकिपीडियावर २००७ या एका वर्षात ४०८ जणांना प्रचालकपद मिळाले. २०१८ मध्ये ही संख्या १० होती आणि २०२१ मध्ये ७.

हे का झाले? सदस्य कमी झाले हे एक कारण आहे, पण एवढ्या मोठ्या घसरणीला ते पुरत नाही. तिथली पद्धत पाहा. उमेदवार सात दिवस सर्वांसमोर उभा राहतो. कोणीही प्रश्न विचारावा, कोणीही त्याच्या चार वर्षांपूर्वीच्या एखाद्या तिखट उत्तराचा दुवा आणून ठेवावा, आणि प्रत्येक विरोधी मत नावानिशी, कारणासह, कायमचे नोंदले जावे. काम स्वयंसेवेचे, चौकशी मात्र एखाद्या घटनात्मक पदाला शोभेल अशी. चांगली माणसे उभी राहायलाच तयार होईनात. डिसेंबर २०१५ मध्ये तिथल्या समूहाने निकालाची रेषा खाली आणली. ६५ ते ७५ टक्के पाठिंबा असेल तर निकाल वाचणाऱ्यांनी तारतम्याने ठरवावे असे केले. आकडे वर आले नाहीत, कारण दुखणे रेषेत नव्हते. मत देणाऱ्याला ठाऊक होते की एकदा दिलेले प्रचालकपद व्यवहारात आजन्म आहे. ते काढायचे तर लवाद समितीपुढे प्रकरण न्यायचे, आठवडेच्या आठवडे पुरावे मांडायचे, आणि मधल्या काळात दोन्ही बाजूंनी जुनी मैत्री मोडायची. चुकीची निवड सुधारता येत नाही असे वाटले की माणूस निवड करताना अवाजवी कठोर होतो. सातशे संपादने पुरली असती तिथे वीस हजार मागतो, आणि उमेदवाराच्या स्वभावातला प्रत्येक खडा चाळून काढतो.

हे निदान तिथल्या अनेकांनी वर्षानुवर्षे सांगितले. उपाय २०२४ मध्ये आला. एकीकडे गुप्त मतदानाची निवडणूक सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत ११ प्रचालक निवडून आले, म्हणजे २०२१ च्या अख्ख्या वर्षापेक्षा जास्त. दुसरीकडे परत बोलावण्याची तरतूद झाली. तीस दिवसांत पंचवीस सदस्यांनी सही केली की त्या प्रचालकाला पुन्हा समूहाचा कौल घ्यावा लागतो, नाहीतर पायउतार व्हावे लागते. या दोन गोष्टी एकाच वर्षी आल्या हा मला योगायोग वाटत नाही.

जर्मन विकिपीडियाने हे २००९ मध्येच केले होते. तिथे एका महिन्यात २५ किंवा सहा महिन्यांत ५० पात्र सदस्यांनी मागणी केली की फेरनिवडणूक होते. नव्या प्रचालकासाठी दोन आठवडे मतदान चालते आणि दोनतृतीयांश पाठिंबा लागतो. स्वीडिश विकिपीडिया त्याहून पुढे गेला: तिथे प्रचालकपदाची मुदतच एक वर्षाची असते आणि दर वर्षी पुन्हा पसंती घ्यावी लागते. मला ही स्वीडिश पद्धत सर्वांत माणुसकीची वाटते. मुदत संपणे हा आरोप नसतो. घरात आजारपण आहे, नोकरी बदलली, कंटाळा आला, एवढेच कारण असले तरी माणूस मान खाली न घालता बाजूला होऊ शकतो. जिथे मुदत नाही तिथे बाजूला होण्याला नेहमी काहीतरी कारण लागते, आणि लोक ते कारण शोधत बसतात.

निष्क्रियतेमुळे हक्क काढणे हा या विषयातला सर्वांत शांत भाग, तरी त्यावरूनही मने दुखावतात. वर्षभर एकही संपादन नाही, एकही प्रचालकीय कृती नाही, तर इंग्रजी विकिपीडियावर हक्क काढले जातात. २०२३ पासून पाच वर्षांत शंभर संपादनेही झाली नाहीत तरी तेच होते. ज्या प्रकल्पांचे असे स्वतःचे नियम नाहीत, तिथे दोन वर्षांच्या निष्क्रियतेनंतर समूहाला आणि त्या सदस्याला कळवून, महिनाभर वाट पाहून स्टुअर्ड ही कारवाई करतात. कारण सुरक्षेचे आहे. पडून राहिलेल्या खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि आपला नियम काळाबरोबर बदलला हे परतलेल्या माणसालाही माहीत नसते. पद मानाचे मानले की ही साधी नोंद अपमान वाटू लागते. असा संदेश पाठवताना आधी केलेल्या कामाबद्दल आभार लिहावेत. तो नुसता शिष्टाचार नव्हे, ते खरेच असते. परत यायचे ठरवल्यास बहुधा साध्या विनंतीवर हक्क मिळतात. एक अपवाद आहे, आणि तो योग्य आहे: कोणी चौकशीच्या तोंडावर राजीनामा दिला असेल तर त्याला पुन्हा समूहापुढे यावे लागते.

स्टुअर्ड हे विकिमीडियाच्या सर्व भाषांतल्या प्रकल्पांसाठी निवडलेले मोजके सदस्य. त्यांना निवडून यायला किमान ८० टक्के पाठिंबा लागतो आणि दर वर्षी त्यांच्या कामाची फेरतपासणी होते. सर्वांत जास्त अधिकार ज्यांच्याकडे, त्यांची मुदत सर्वांत काटेकोर.

आता त्या प्रकरणाकडे वळतो ज्याने हा विषय माझ्यासाठी नुसता नियमांचा राहिला नाही. क्रोएशियन विकिपीडियावर साधारण २०११ पासून राष्ट्रवादी उजव्या विचारांच्या एका गटाने प्रचालकपदे ताब्यात ठेवली. दुसऱ्या महायुद्धात क्रोएशियात सत्तेवर असलेल्या उस्ताशा राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले जाऊ लागले. यासेनोवात्सच्या छळछावणीबद्दलचे लेखनही त्यातून सुटले नाही. २०१३ मध्ये क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना आपल्याच भाषेतला विकिपीडिया वापरू नका असा सल्ला दिला. एका देशाच्या मंत्र्याला हे सांगावे लागणे ही लहान गोष्ट नाही. तरीही स्थिती बदलायला २०२० उजाडले, आणि फाउंडेशनने तज्ज्ञाकडून करवून घेतलेला सविस्तर अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला.

इतकी वर्षे का लागली, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. प्रचालकाला हटवायचे तर समूहाचा कौल घ्यायचा, असा नियम होता. पण समूह कोणता? ज्यांनी लेखातल्या खोट्यावर बोट ठेवले त्यांना अडवले गेले, काही कंटाळून निघून गेले, नव्यांना पहिल्याच आठवड्यात दार दाखवले गेले. उरलेल्यांमध्ये कौल घेतला तर तो गटाच्याच बाजूने लागणार. हटवण्याची लोकशाही वाट कागदावर शाबूत होती आणि प्रत्यक्षात बुजली होती, कारण मतदारयादी ज्यांच्या हाती होती त्यांच्याच विरोधात मत द्यायचे होते. बाहेरून कोणी बोलले की ‘स्थानिक समूहाची स्वायत्तता’ पुढे केली जाई. स्वायत्तता ही मोठी गोष्ट आहे. मराठीसारख्या भाषेला तर ती प्राणाइतकी मोलाची. पण अडवलेल्या सदस्यांचा आवाज वजा करून उरते तिला स्वायत्तता म्हणायला मी तयार नाही.

मग वरून हात घालावा का? इथे माझे उत्तर सरळ नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये फाउंडेशनने चिनी विकिपीडियावरील ७ सदस्यांवर बंदी घातली आणि १२ जणांचे प्रचालकीय हक्क काढले. समूहात बाहेरचा शिरकाव झाल्याची आणि सदस्यांच्या सुरक्षिततेची चिंता हे त्याचे कारण होते. धोका शारीरिक असेल तेव्हा खुल्या कौलाची वाट पाहता येत नाही, हे मला पटते. पण त्याआधी, जून २०१९ मध्ये, इंग्रजी विकिपीडियावरच्या एका जुन्या प्रचालकावर फाउंडेशनने वर्षाची बंदी घातली आणि त्याचे हक्क काढले, तेव्हा कारणे ना त्याला पुरती कळवली, ना समूहाला. वीसहून अधिक प्रचालकांनी निषेध म्हणून स्वतःची पदे सोडली. शेवटी पुरावे तिथल्या निवडून आलेल्या लवाद समितीकडे गेले. तिने बंदी उठवली, हक्क मात्र परत दिले नाहीत. म्हणजे मूळ तक्रारीत काही तथ्य होते. बिघडली होती ती रीत. समूहाने दिलेले समूहाला न विचारता काढले की तथ्य असूनही विश्वास तुटतो. वरचा हात असावा, पण पुरावा कोणा निवडून आलेल्या स्थानिक माणसांच्या डोळ्यांखालून गेला पाहिजे. माझ्या मते त्या उन्हाळ्यातून घेण्यासारखे हेच आहे.

खुद्द वेल्स यांचेही हक्क कमी झाले आहेत. मे २०१० मध्ये विकिमीडिया कॉमन्सवर त्यांनी काही अश्लील ठरवलेली चित्रे स्वतः वगळली. त्यावर मोठा वाद पेटला, आणि त्यांनी संस्थापक म्हणून असलेले वगळण्यासारखे हक्क स्वतःहून सोडले. मला या घटनेबद्दल आदर वाटतो. संस्थापकाने मागे सरकून दाखवले की इतरांना मागे सरकणे सोपे जाते.

क्रोएशियन प्रकरण गैरवापराचे. स्कॉट्स विकिपीडियाचे २०२० मधले प्रकरण त्याहून वेगळे, आणि लहान भाषांनी ते जास्त गांभीर्याने घ्यावे असे मला वाटते. त्या भाषेचा गंध नसलेला एक अमेरिकी किशोर वर्षानुवर्षे, इंग्रजी शब्दांना स्कॉट्स वळण देत, हजारो लेख लिहीत गेला. एकूण लेखांतला मोठा वाटा त्याचा झाला, आणि तो तिथला प्रचालकही होता. त्याने कोणाला छळले नाही, कोणाला हाकलले नाही. त्याला हटकायला कोणी नव्हते, एवढेच. भाषा बोलणारी माणसे तिकडे फिरकली नाहीत आणि उत्साहालाच पात्रता मानले गेले. हे उघड झाल्यावर जगभरातून त्या मुलावर जी चिखलफेक झाली ती मला लज्जास्पद वाटते. दोष रिकाम्या चावडीचा होता.

संपादकांच्या आयपी पत्त्यांची पडताळणी करणाऱ्यांसाठी, ज्यांना चेकयूझर म्हणतात, विकिमीडियाचा एक नियम आहे: एका प्रकल्पावर ते किमान दोन असावेत, नाहीतर एकही नसावा. एकट्याच्या हाती ती किल्ली ठेवायचीच नाही. प्रचालकांसाठी असा नियम नाही, आणि आपल्या भाषांतल्या प्रकल्पांसाठी तो शब्दशः लागू केला तर काही ठिकाणी एकही प्रचालक उरणार नाही. तरी त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. माणूस पारखून निवडला म्हणून तो पुढेही तसाच राहील याची हमी नसते. सन्मय दास, ॲलन लाव्हॉय आणि मलिक मॅग्डन-इस्माइल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की काही सदस्य प्रचालक झाल्यावर आपले लेखन ठरावीक वादग्रस्त विषयांकडे वळवतात, आणि निवडीच्या वेळी मतदारांना ते ओळखता येत नाही. निवडीची चाळण आणखी बारीक करून हे थांबणार नाही. त्यासाठी निवडीनंतर पाहणारे डोळे हवेत, आणि दिसल्यावर चालता येईल अशी वाट हवी.

मराठीपुरते बोलायचे तर सुमारे लाखभर लेखांना आजचे हात अपुरे आहेत. निवडणुकीच्या हंगामात नेत्यांच्या लेखांवर, जयंतीच्या दिवशी महापुरुषांच्या लेखांवर उत्पात वाढतो, आणि रात्री अकराला तो उलटवणारा माणूस सकाळी आठला कार्यालयात असतो. त्याच्यावर टीका करताना हे विसरू नये. पण म्हणूनच नव्यांना आत घेण्याची भीती कमी व्हायला हवी. लहान प्रकल्पांवर स्टुअर्ड तीन, सहा किंवा बारा महिन्यांसाठी तात्पुरते प्रचालकपद देतात. मुदत संपली की हक्क आपोआप जातात, वाढवायचे तर समूहाने पुन्हा हो म्हणायचे. मोठ्या प्रकल्पांत ही रीत सहसा नाही. ती आपण मुद्दाम उचलावी, असे माझे मत आहे.

पुढच्या प्रकरणांत अर्ज कसा लिहावा, कौल कसा घ्यावा आणि वाचावा, तक्रार कुठे न्यावी आणि पुरावा कसा मांडावा, हे आले आहे. त्यातले हक्क काढण्याचे प्रकरण आधी वाचावे आणि निवडीचे नंतर, अशी माझी वाचकांना विनंती आहे. चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामूहिक चर्चेच्या पानावर, मुदतीच्या प्रचालकपदाचा प्रस्ताव मांडायचा झाला तर त्याचा कच्चा मसुदा परिशिष्टात आहे: दोन वर्षांची मुदत, संपण्याआधी एक महिन्याची सूचना, सात दिवसांचा कौल, आणि अडवलेल्या सदस्यालाही आपले म्हणणे स्वतःच्या चर्चापानावर मांडण्याची मुभा. आकडे बदलता येतील. शेवटचे कलम बदलू नये.